हयातीचा दाखला

बाई,

काल तुम्ही कागदावर मारलेली बाई माझ्या दुकानात आली होती, हयातीचा दाखला भरून घ्यायला. निराधारच्या पेन्शनसाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं, आणि कुडव्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचं जिवंत असणं माझ्याच दुकानातून पुढे जातं. दुकान म्हणजे फार काही नाही. एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, आत दोन खुर्च्या आणि दाराशी एक बाकडं. तुमचं बालगृह बंद झाल्यावर मला दुसरं येत काय होतं? फॉर्म भरता येत होते, तेही तुम्हीच शिकवलेले. ती आली, बाकड्यावर टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "काऊन व, वळखलं नाई का?" मी खरंच ओळखलं नव्हतं. मग तिनं पिशवीतून मूठभर वाळलेली मोहफुलं काढून टेबलावर ठेवली, तेव्हा ओळखलं. तिची मुलगी आता गोंदियाच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे, आमच्याच बाजूला भाड्यानं राहते, आणि म्हातारीला तिनं सालेकशाकडच्या गावातून इकडे आणलं आहे.

फॉर्म भरून झाला, अंगठा झाला, तरी ती उठेना. मी चहा मागवला. बशीत ओतून, फुंकर मारून तिनं तो सावकाश प्यायला आणि मग विचारलं, "त्या परदेशातल्या कागदावर मी अजून मेलीच आहो ना व?" मी रिकामी बशी उचलली. ती म्हणाली, "पोरगी अजून घाईत मले मावशीच म्हंते. सवय लागली तिले. तू येवढे लोकाईचे कागद करतेस, माहाही एक दुरुस्त कर. एकडाव जित्ती कर मले, मंग मी मरायले मोकरी." आणि हसली. मी म्हटलं, गुरुवारी ये, करून देते. आज दुपारी शटर अर्धं ओढलं आणि हे लिहायला बसले. कारण त्या कागदाबद्दल एक गोष्ट आहे, जी तिला माहीत नाही, आणि जी न कळताच तुम्ही गेलात. तुम्हाला जाऊनही आता दहाएक वर्षं झाली. पहिल्यापासून सांगते, तुम्हाला अर्धवट सांगितलेलं कधीच चालत नव्हतं.

मी आले ती नव्व्याण्णव साली. बावीस वर्षांची, नुकतीच बी.ए. झालेली. आमच्या गल्लीत कुणीतरी म्हणालं, आपण बौद्ध माणसं, पोरगी तिकडे जाऊन गळ्यात क्रूस घालून येईल. तुम्ही मात्र मला दोनच प्रश्न विचारलेत. इंग्रजीत पत्र लिहिता येतं का, आणि उवा काढता येतात का. मी दोन्हीला हो म्हटलं. "मग उभी काय राहिलीस? फणी घे," म्हणालात. पांढरी सुती साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नगरकडची बोली आणि चहात तीन चमचे साखर. पोरं तुमच्या चपलांचा आवाज ओळखायची आणि आवाज आला की पळायचीही, आणि ताप आला की तुमच्याच खोलीत झोपायला मागायची. चाळीसेक पोरं होती. बहुतेक जंगलातल्या गावांमधली. खरी अनाथ म्हणावीत अशी पाच-सहा. बाकीच्यांचा कुणाचा बाप गेलेला, कुणाची आई मजुरीला, कुणाच्या गावापासून शाळा इतकी लांब की पोर शाळेत पोचेपर्यंत सुट्टी व्हायची. तुम्ही सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरायचात, देवाची लेकरं. पाहुण्यांना त्याचा अर्थ हवा तसा घेऊ द्यायचात.

परदेशातून मदत यायची, पण डोळे मिटून यायची. माझ्या पहिल्याच एप्रिलमध्ये एक मोठी पेटी आली, उघडली तर आत लोकरीच्या टोप्या. आपल्याकडचा एप्रिल! मी हसायला लागले तर तुम्ही डोळे वटारलेत. "आलेल्या वस्तूला हसू नये. घालायला लाव आणि फोटो काढ." चाळीस पोरं उन्हात लोकरीच्या टोप्या घालून ओळीनं उभी, आणि घामानं त्यांचे चेहरे नुसते निथळतायत. तिकडच्या लोकांना वाटलं, काय चमकतायत पोरं आनंदानं. नंतर त्या टोप्या स्वयंपाकघरात भाताचा गरम गंज चुलीवरून उतरवायला कामी आल्या, अगदी शेवटची टोपी जळेपर्यंत.

पुढच्या हिवाळ्यात आजी आली आणि टोप्या थांबल्या. हॉलंडची. आयुष्यभर तिकडच्या एका दवाखान्याच्या धुलाईखात्यात काम केलेली आणि आता रिटायर झालेली. तुमच्याहून वयानं थोडी लहानच असेल, पण तुम्हीही तिला आजीच म्हणायचात. दर जानेवारीत यायची, ऊन तापायला लागलं की जायची. गाणी नाही, भाषण नाही, पोरांना कडेवर घेऊन फोटो नाही. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्या चादरी गोळा केल्या, चुलीवर पाणी उकळलं आणि साडीसारखा स्कर्ट खोचून टबात उभी राहून तुडवायला लागली. पोरांना तो खेळच वाटला. दुपारी मच्छरदाण्यांची भोकं शिवायची. संध्याकाळी वही घेऊन फिरायची आणि मला विचारायची, काय कमी आहे? मी सांगायचे, खरजेचं मलम, बादल्या, हातपंपाचा वॉशर. ती लिहून घ्यायची. तिकडे परत गेली की तिच्या चर्चमधल्या बायका सूप आणि मुरंबा करून विकायच्या, आणि पुढच्या वर्षी बरोब्बर त्याच वस्तू यायच्या. मला ती आवडायची. तुम्हालाही आवडायची, पण तुम्हाला तिची भीतीही वाटायची, कारण ती बघायची फार.

आणि बघू नये अशी एक गोष्ट आपल्याकडे होती. महिन्याचा दुसरा रविवार. त्या दिवशी पोरांचे आईबाप भेटायला यायचे. रिकाम्या हातानं कुणी येत नसे. नवे तांदूळ, बोरं, सरपणाची मोळी, केरसुण्या, ज्याच्याकडे जे असेल ते. आणि दर दुसऱ्या रविवारी मी आजीला जीपमध्ये घालून धबधबा दाखवायला न्यायची. फेब्रुवारीत कसला धबधबा! नुसते दगड. आजी त्या दगडांकडे बघायची, फार छान म्हणायची, डब्यातली पोळी खायची, आणि आम्ही अंधार पडायच्या आत परत. पाच वर्षं तिनं तेच दगड पाहिले. मी एकदा तुम्हाला म्हटलं, बाई, सांगून टाका ना तिला. तुम्ही म्हणालात, "आई आहे म्हटलं की तिकडे हात आखडतात गं. त्यांना वाटतं, आई असली म्हणजे लेकराला भूक लागत नाही." तुम्ही लबाड नव्हता, हे मी तेव्हाही जाणून होते. तुम्हाला चाळीस ताटं दिसायची, आणि ताटं दिसली की तुम्हाला दुसरं काही दिसत नसे.

मग तो एप्रिल. आपल्या पोरांमधली थोरली बारावीला बसलेली. हुशार, शांत पोरगी, नर्स व्हायचं म्हणून आजीच्या मागे फिरून पट्ट्या बांधायला शिकलेली. आजीच्याच मंडळींनी कळवलं होतं की एका मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं सगळं आम्ही बघू, फॉर्म भरून पाठवा, अनाथ मुलीला प्राधान्य. आजी नुकतीच परत गेलेली. दुसरा रविवार होता आणि थोरलीची आई अर्धं पोतं मोहफुलं डोक्यावर घेऊन आली. पहाटे उठून वेचलेली, अंगणात वाळवलेली, खडा ना काडी. तुम्ही फाटकातच अडवलंत. "हे दारूचं सामान माझ्या आवारात नको." ती म्हणाली, "दारू नाई व बाई, फूल होये. आमी उकडून खातो. पोराईले घ्या." तुम्ही ऐकलं नाहीत. माळ्याला सांगितलंत आणि त्यानं ते पोतं खताच्या खड्ड्यात उलटं केलं. ती बघत उभी. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, उन्हाळ्यात तिच्या घरी खायला हेच असतं. घरातलं अर्धं उचलून आणलंय तिनं." सगळ्या आईबापांसमोर तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुला इथं पत्रं लिहायला ठेवलंय. तू नोकर आहेस, विसरत जाऊ नकोस." माझे कान तापले. सहा वर्षं तुमच्या पोरांच्या उवा काढल्या होत्या मी.

अर्ध्या तासानं तुम्ही तिलाच ऑफिसात बोलावलंत. आता तुमचा आवाज वेगळा, मऊ. तिला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत. मी कोपऱ्यात टाइपरायटरशी. तुम्ही तिला सगळं समजावलंत. पोरगी नर्स होईल, जन्माचं कल्याण होईल, पण कागदावर तुला नाही म्हणावं लागेल. "नाई म्हंजे? मेली म्हून?" तुम्ही मान हलवलीत. बाई, मला वाटलं ही आता रडेल नाहीतर शिव्या घालेल. ती चक्क हसली. "मेली म्हटल्यानं आयुष्य वाढते म्हंतेत. लिवा ना. पन पोरगी शिकन ना?" मग तुम्ही दुसरी अट घातलीत. परदेशी माणसांसमोर यायचं तर मावशी म्हणून यायचं, आणि पोरीनंही मावशीच म्हणायचं. तिनं तेही मान्य केलं. मोहफुलांसाठी जेवढी भांडली होती तेवढीही ती ह्यासाठी भांडली नाही. ती गेली, तुम्ही प्रार्थनेला गेलात, आणि जाता जाता मला म्हणालात, "भरून ठेव. आई मयत."

मी फॉर्म घेतला. वडील मयत, ते खरंच होतं. आईच्या पुढे दोन चौकटी, हयात आणि मयत. मी हयातवर खूण केली. आता नीट ऐका, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही हे गोड करून सांगत आले. खरं लिहायचं म्हणून मी ती खूण केली नाही. त्या माउलीची दया आली म्हणूनही नाही. तुम्ही मला चारचौघांत नोकर म्हणालात, त्याचा राग होता. तिकडून नकार यावा, तुमचं नाक खाली व्हावं, एवढंच डोक्यात होतं. पोरीचं काय होईल, हे डोक्यात आलं नाही असं नाही. आलं, आणि तरी केली. तुम्ही परत आलात, चष्मा न लावता, डोळे सुजलेले. कागदाकडे न बघताच सही केलीत. बघवलं नसतं तुम्हाला. मी सालेकशाला जाऊन एक झेरॉक्स काढली, आपल्या फाइलला म्हणून, आणि मूळ कागद आमगावच्या पोस्टात टाकला.

पाकीट हातातून सुटलं आणि मी भानावर आले. पुढचे तीन महिने पोस्टमनची सायकल दिसली की मी सगळ्यांच्या आधी फाटकात. थोरली अंगणात कांदे निवडता निवडता मला शरीरातल्या हाडांची नावं म्हणून दाखवायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघू शकत नसे. शेवटी उत्तर आलं. मंजूर. तुम्ही तिथंच व्हरांड्यात गुडघ्यांवर बसलात. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. त्याच क्षणी तुम्हाला सांगायला हवं होतं, बाई, खोटं गेलंच नाही, तिची आई जिवंत आहे हे वाचूनच त्यांनी घेतलंय. पण ते सांगायचं तर का केलं हेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, उद्या सांगू.

जानेवारीत आजी आली. ह्या खेपेला गुडघा दुखतो म्हणून तिनं दगड बघायला यायचं नाकारलं, आणि दुसऱ्या रविवारी थोरलीची आई नवे तांदूळ घेऊन आली. तुम्ही धावत पुढे, "आंटी, आंटी, हर आंटी!" थोरली नर्सिंगच्या वसतिगृहातून सुट्टीला आलेली होती. तिनं पाया पडून विचारलं, "मावशी, कशी आहेस?" अगदी पाठ केल्यासारखं. दुपारी मी आणि आजी मच्छरदाणी शिवत बसलो होतो. आजी म्हणाली, पोरीचे कान अगदी त्या मावशीसारखे आहेत. मी म्हटलं, असतात कधी कधी. तिनं दाताखाली दोरा तोडला. "फॉर्म मीच उघडला होता. ही तुमच्याकडची काही रीत असेल, मी विचारणार नाही. पण आई असली तरी आम्ही नाही म्हणत नाही. अनाथ आधी, एवढंच." मी मान खाली घालून टाके घालत राहिले. म्हणजे ते सगळं नाटक मुळातच नको होतं, आणि हे त्या आवारात फक्त मला आणि एका परदेशी बाईला माहीत होतं. तिला ती आपली रीत वाटली. काय सांगू!

जाताना आजीनं स्वतः विणलेले दोन स्वेटर काढले. एक थोरलीला. दुसरा घेऊन ती सरळ त्या बाईपाशी गेली, तिच्या हातात ठेवला आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "आई." तुमचा चेहरा पांढरा पडला. "नो नो, आंटी!" आजी शांतपणे म्हणाली, "येस, आंटी." संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, "म्हातारीचं मराठी अजून कच्चंच आहे, नाही का गं?" मी हसले. तुमच्याबरोबर हसले मी, बाई.

अशी अडीच-तीन वर्षं गेली. नर्सिंगच्या शपथेच्या कार्यक्रमात मुलींनी हातात दिवे घेतले, प्रत्येकीची आई पुढच्या रांगेत. थोरलीची मागे भिंतीला टेकून, तोच स्वेटर घालून, मावशी म्हणून. तुम्ही पुढे बसला होता आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. त्या फॉर्मच्या दिवसापासून तुम्ही चहा सोडला होता. सगळे म्हणायचे शुगरमुळे. शुगर तर दोन वर्षांनी निघाली. आणि मोहफुलं? पुढच्या एप्रिलमध्ये तिनं आणली तेव्हा तुम्ही काही न बोलता पोतं आत घेतलंत आणि पोरांना उकडून वाढलंत. मला सगळं दिसत होतं. मीही बघायची फार.

आजी गेल्याचं पत्र आलं, तुम्ही घंटा वाजवून पोरांना गोळा केलंत. मग तुमचीच पाळी. गोंदियाच्या दवाखान्यातली ती दुपार, मी मोसंबी सोलत होते. तुम्ही म्हणालात, "एका जित्या बाईला मी मारलं गं. वर गेल्यावर पहिला प्रश्न तोच येईल." एक वाक्य पुरलं असतं. मी तुमच्या तोंडाशी फोड धरली आणि म्हटलं, "आधी खा." तुम्ही खाल्लीत. चौथ्या दिवशी गेलात. राग केव्हाच विरला होता, उलट तुमच्यावर जीव होता माझा, हेही कधी सांगितलं नाही. मग का बोलले नाही? तुमच्या नजरेतून उतरायची भीती वाटली. तुम्हाला तो प्रश्न बरोबर घेऊन जाऊ दिलं, आणि मी माझी अब्रू ठेवली. मला ह्याची लाज वाटते.

ती झेरॉक्स माझ्याकडे आहे. बालगृहाचं दप्तर रद्दीत निघालं तेव्हा तेवढाच कागद मी उचलला होता. आज सकाळी ट्रंकेतून काढला. पिवळा पडलाय, पण हयातवरची खूण ठसठशीत आहे. गुरुवारी म्हातारी येईल. तिला वाचता येत नाही, पण तिच्या पोरीला येतं. कागदावर तेव्हाची तारीख दिसली तर पोरगी हिशेब करेल, की आई पहिल्यापासून हयातच लिहिली होती. मावशी म्हणून काढलेले रविवार, भिंतीला टेकून पाहिलेले ते दिवे. हे सगळं कशासाठी होतं, असं त्या दोघींनी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून आत्ता मी त्या कागदाची नवी झेरॉक्स काढली, पांढरीशुभ्र. गुरुवारी तिच्या हातात देईन आणि सांगेन, घे, केली तुला जित्ती. झेरॉक्स काढताना तारखेवर मी कागदाची पट्टी ठेवली, बाई. पट्टी ह्याच पत्राच्या खालच्या कोऱ्या भागातून फाडून घेतली.